मोजणार कोण आणि वाटणार कोण?

सोलापूर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मराठ्याचे घर आणि माळ्याचे किंवा धनगराचे घर सावडीने खुरपण करीत आले. बांधाला बांध, आणि आषाढात पंढरीची दिंडीही एकच. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी येथे उपोषणाच्या मांडवात लाठी चालली, आणि तेव्हापासून ह्या दोन घरांत अबोला शिरला. एक म्हणतो, आम्हांस इतर मागासांत घ्या. दुसरा म्हणतो, आमच्या ताटातले उचलू नका. आता किराणाचे दुकानही कोठे कोठे जात पाहून निवडले जाते.

दोघे ज्या कोठारासाठी भांडतात त्याची किल्ली दोघांपैकी कोणापाशीच नाही, मुंबई सरकारापाशीही पुरती नाही. हे पुढारी सांगत नाहीत, म्हणून आम्हांस सांगणे भाग आहे.

2018 साली दिल्लीने 102 वी घटनादुरुस्ती केली. राज्यांचा अधिकार जाणार नाही, असे तेव्हा संसदेत सांगण्यात आले. त्याच वर्षी मुंबईने मराठ्यांस 16 टक्के राखीव जागा देणारा कायदा केला. 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि मागास कोण हे ठरविण्याचा राज्यांचा अधिकार त्या दुरुस्तीने गेलाच असेही सांगितले! ऑगस्टात 105 वी दुरुस्ती करून दिल्लीने तो परत दिला. परंतु 1992 च्या निकालाने उभी केलेली पन्नास टक्क्यांची भिंत होती तेथेच राहिली. राज्याच्या हाती लेखणी आली, कागद मात्र आला नाही. आणि गंमत पाहा, 2019 साली उच्चवर्णीयांतील दुर्बलांस दहा टक्के द्यायचे ठरले, तेव्हा हीच भिंत आड आली नाही. 2022 च्या निकालाने त्यावर शिक्काही मारला. गरीब ब्राह्मणाच्या पोराचा आम्हांस हेवा नाही. दार एकासाठी उघडते, तर दुसऱ्यांनीच का ठोठावत बसावे, एवढेच आम्ही विचारतो.

धनगर बांधवांची फसवणूक तर उघड आहे. अनुसूचित जमातीत घालण्याचे वचन त्यांस राज्याच्या निवडणुकीत मिळत आले. ती यादी बदलणे संसदेच्या हाती आहे, हे वचन देणारा कधी बोलतो काय? 2019 साली सोलापूरच्या विद्यापीठास अहिल्यादेवींचे नाव मिळाले. ते राज्याच्या हाती होते, म्हणून मिळाले.

मोजणीचे रडगाणे निराळेच. सर्व जातींची शिरगणती छापून निघाली ती 1931 सालची. जनगणना हा केंद्राचा विषय, राज्याने ती करावयाची नाही. 4 मार्च 2021 रोजी, आकडे नाहीत ह्या कारणावर, स्थानिक संस्थांतील इतर मागासांच्या जागा अडल्या. राज्याने 2011 च्या पाहणीचे आकडे मागितले. केंद्राने ते सदोष म्हणून दिले नाहीत. डिसेंबरात न्यायालयानेही राज्यास परत पाठविले. सोलापूरची महापालिका आणि जिल्हा परिषद मार्च 2022 पासून प्रशासकाच्या हाती गेली ती 2025 सरेपर्यंत. प्रभागांचे व इतर तंटेही त्यात होते. पण मूळ गाठ आकड्यांचीच. शाळेचे छप्पर गळते म्हणून ज्या सभासदाच्या ओट्यावर जाऊन बसावे, तो सभासदच चार वर्षे नव्हता. प्रशासकास ओटा नसतो.

2019 ते 2022 मुंबईत एक पक्ष व दिल्लीत दुसरा, तेव्हा दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत. जून 2022 नंतर दोन्हीकडे एकाच गोटाचे राज्य आले. भिंत हलली काय? बिहारने स्वतः घरोघर मोजून 2 ऑक्टोबर 2023 रोजी आकडे प्रसिद्ध केले, जागाही वाढविल्या. जून 2024 मध्ये पाटण्याच्या उच्च न्यायालयाने तो कायदा त्याच भिंतीपाशी पाडला. तेव्हा हा एका पक्षाचा प्रश्न नाही, आणि एका जातीचा तर मुळीच नाही. छत्रपती शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी निम्म्या जागा राखल्या, त्या हुकुमात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वगळून बाकी सारे मागास धरले होते. मराठा, माळी, धनगर, महार एकाच पंगतीस होते. आज तीच पंगत उठून एकमेकांच्या पत्रावळी मोजीत बसली आहे.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्राने जनगणनेत जाती मोजण्याचे ठरविले. घरोघर फिरून जात लिहून घेणार आम्ही शिक्षकच. उन्हातान्हाची तक्रार नाही. परंतु 2011 सालीही आम्ही असेच फिरलो होतो, आणि ते जातींचे आकडे कपाटात राहिले. यास्तव सोलापूर आणि माढा येथील दोन्ही खासदारांस आमचे विचारणे आहे, आणि उत्तर लेखी हवे: तालुकावार आकडे मोजणीनंतर किती महिन्यांत छापून निघणार, ते राज्यास वापरावयास मिळणार की नाही, आणि पन्नासची भिंत हलविण्याचा ठराव तुम्ही लोकसभेत कधी मांडणार?