निरागस नव्हत्या त्या जाहिराती : दूरदर्शनकालीन स्मरणरंजनाची झाडाझडती

🧵
१/
दूरदर्शनवरच्या जुन्या जाहिरातींची चित्रफीत समाजमाध्यमांवर आली, की तिच्याखाली एक वाक्य हमखास उमटते : ‘किती साधा, निरागस काळ होता तो!’ त्या जाहिराती सुंदर होत्या, याबद्दल वाद नाही. काळ साधा होता आणि जाहिराती निरागस होत्या, हे मात्र खरे नाही. या समजुतीची ही तपासणी.

२/
आधी कालक्रम. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. जाहिरातींना प्रवेश मिळाला तो १ जानेवारी १९७६ पासून. म्हणजे पहिली सोळा वर्षे या पडद्यावर व्यापारी जाहिरात नव्हतीच. ‘निरागस’ हे विशेषण द्यायचेच असेल, तर ते त्या सोळा वर्षांना द्यावे.

३/
आता ज्यांच्यावर सर्वांत अधिक प्रेम केले जाते, त्या ललिताजी. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, तरीही कपड्यांसाठी महागडी ‘सर्फ’च घेणारी ही गृहिणी म्हणजे शहाणपणाची मूर्ती मानली जाते. ती ‘लिंटास’ या संस्थेत अलेक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली घडली आणि कविता चौधरी यांनी ती साकारली. पण ती घडवावी का लागली?

४/
कारण अहमदाबादेत होते. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला आरंभ केला. मुलीच्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘निरमा’. किंमत इतकी कमी, की नामांकित पावडर तिच्या तिप्पट-चौपट महाग ठरे. वडीवर कपडे घासणाऱ्या असंख्य घरांत ‘पावडर’ हा प्रकार शिरला तो निरमाच्या रूपाने.

५/
हिंदुस्तान लिव्हरसारख्या बलाढ्य कंपनीला किमतीत याच्याशी झुंजणे अवघड होते. म्हणून युक्तिवाद बदलण्यात आला : स्वस्त वस्तू निराळी आणि चांगली वस्तू निराळी, अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो साधी पावडर. ललिताजींच्या ठसक्यामागचा मथितार्थ असा, की स्वस्त ते घेणारी बाई हिशेबात कच्ची. ज्या घरात महिन्याचा खर्च नाण्यांत मोजला जाई, त्या घरातील स्त्रीला ही शिकवणी होती.

६/
बाजाराने काय केले? १९८०च्या दशकाच्या मध्यास निरमाने खपाच्या बाबतीत सर्फला मागे टाकले आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरला ‘व्हील’ ही स्वस्त पावडर स्वतःच बाजारात आणावी लागली. म्हणजे ललिताजींचा उपदेश ऐकून ज्यांनी मान डोलावली, त्यांतल्या कित्येकींनी दुकानात मात्र आपला हिशेब आपणच केला. प्रेक्षक भोळा नव्हता. त्याला भोळे ठरवते ते आजचे स्मरणरंजन.

७/
दुसरे उदाहरण अगदी घरचे. परळमध्ये १९५२ साली केशव विष्णू पेंढरकर यांनी सुरू केलेली ‘विको’. हळदीच्या क्रीमचे गाणे आजही पन्नाशीच्या मराठी माणसाला तोंडपाठ असते. आपले उत्पादन सौंदर्यप्रसाधन नव्हे, हे त्या गाण्यात ठासून सांगितलेले असे. ऐकणाऱ्याला ते नुसते यमक वाटे.

८/
प्रत्यक्षात त्या विधानावर कराचा मोठा प्रश्न लोंबकळत होता. माल ‘आयुर्वेदिक औषध’ ठरला तर उत्पादनशुल्क कमी, ‘सौंदर्यप्रसाधन’ ठरला तर जास्त. उत्पादनशुल्क खात्याशी हा वाद दशकानुदशके चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयातला युक्तिवाद आणि मुलांच्या ओठांवरचे गाणे यांचा आशय एकच होता!

९/
तिसरे उदाहरण, ‘बजाज’. १९८९ सालची ती देशभक्तीने ओथंबलेली जाहिरात पाहून आजही डोळे पाणावतात. पण आकुर्डीच्या स्कूटरसाठी याच देशातील नागरिकाने पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत वाट पाहिली होती. परवान्यांच्या राज्यात किती उत्पादन करायचे हे सरकार ठरवी. ग्राहकाला निवडीला वावच नसे. जिचा माल रांगेतच संपत होता, त्या कंपनीला आर्जव करण्याची गरज नव्हती.

१०/
गरज भासली ती जपानी तंत्रज्ञानाच्या मोटारसायकली रस्त्यावर आल्यावर. ‘हीरो होंडा’ची पहिली गाडी १९८५ सालची. स्पर्धा दारात येताच स्कूटर हे देशाचे प्रतीक झाले. जाहिरात उत्तमच होती. पण ती ऐन सुबत्तेतला उत्सव नव्हती, बदलत्या वाऱ्यापुढे केलेली तटबंदी होती. २००९ साली बजाजने स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा भावना आणि बाजार यांतले अंतर पुरते उघडे पडले.

११/
‘तेव्हाच्या जाहिराती शालीन होत्या’ हा आणखी एक दावा. मग धबधब्याखाली न्हाणारी ‘लिरिल’ची तरुणी कोणत्या काळातली? ती १९७५ सालची; म्हणजे दूरदर्शनवर जाहिराती येण्याआधीच ती चित्रपटगृहांत पोहोचली होती. पदमसी यांनी तिच्यामागची निरीक्षणे नंतर सांगितली आहेत : घरच्या रगाड्यात गृहिणीला स्वतःचा म्हणून मिळणारा वेळ म्हणजे न्हाणीघरातली दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांच्या एकांताचा धबधबा करून साबण विकला गेला. यात अचाट कल्पकता आहे, निरागसता नाही.

१२/
आणि सर्वांत मोठी विस्मृती. ‘फेअर अँड लव्हली’ हेही १९७५ सालचेच अपत्य. सावळ्या मुलीला नाकारले जाते, मग क्रीमची नळी येते, मग गोरेपणाबरोबर नोकरी आणि नवराही येतो. अशा जाहिरातींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना आरशापुढे अपराध्यासारखे उभे केले. नावातला गोरेपणा गळाला तो २०२० साली. आठवणींच्या याद्यांत या जाहिराती क्वचितच आढळतात. ज्यांना त्या बोचल्या, त्यांच्या आठवणींना ‘सुवर्णकाळा’त जागा नाही.

१३/
मग ही माया आली कुठून? पुष्कळशी टंचाईतून. वाहिनी एक, मोहल्ल्यात संच मोजके, रविवारचा चित्रपट पाहायला शेजाऱ्यांच्या ओसरीवर गर्दी. जाहिरात सुरू झाली तरी दुसरीकडे जायला वाट नाही. त्याच ओळी शेकडो वेळा, तेही सर्वांनी एकत्र ऐकलेल्या. १९९२ साली ‘झी’ आली, वाहिन्या वाढल्या, हाती रिमोट आला आणि हे एकत्र ऐकणे ओसरू लागले. हुरहूर लागते ती त्या ओसरीची; श्रेय मिळते साबणाला.

१४/
याचा अर्थ त्या कलाकृतींना तुच्छ लेखावे असा नव्हे. उलट, निरागस म्हणून गोंजारणे हाच त्यांच्या कर्त्यांचा अवमान आहे. लिरिलची धून वनराज भाटियांची. श्याम बेनेगल यांची उमेदवारी जाहिरातींतच झाली. लिज्जत पापडाचा ससा रामदास पाध्ये यांचा. आणि कविता चौधरी? त्यांनी १९८९ साली ‘उड़ान’ ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत पोलीस अधिकाऱ्याची भूमिकाही केली. स्मरणरंजनाने मात्र त्यांना धुण्याच्या बादलीपाशीच उभे ठेवले.

१५/
प्रेम खरे असते, तर जपणूकही झाली असती. ग्रंथांच्या प्रती ग्रंथालयांकडे पाठवण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले. चित्रपटांसाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. जाहिरातपट जमा करण्याचे बंधन कोणावरही नाही. आज महाजालावर दिसणाऱ्या अनेक जाहिराती कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर मुद्रित केलेल्या, रेघा पडलेल्या फितींवरून आल्या आहेत. उसासे टाकणाऱ्यांनी कधी संग्रहाची मागणी केली?

१६/
जुन्याकडे परतण्याची निराळी रीतही आहे. १९९४ सालच्या ‘कॅडबरी’च्या जाहिरातीत फलंदाज तरुण होता आणि मैदानात नाचत शिरणारी तरुणी. २०२१ साली तीच जाहिरात पुन्हा आली, तेव्हा षटकार तरुणीने मारला आणि नाचत आला तो तरुण. हाही व्यापारच, पण मूळ जाहिरातीत कोणाला कोणती जागा दिली होती, याची कबुली त्यात होती. स्मरणाकडून किमान एवढी अपेक्षा रास्त आहे.

१७/
सारांश : त्या जाहिराती म्हणजे किमतीच्या लढाईचे, करांच्या तंट्यांचे, टंचाईचे आणि रंगभेदाचे दस्तऐवज आहेत, आणि ते विलक्षण कौशल्याने घडवलेले आहेत. ते पुन्हा पुन्हा पाहावेत, गुणगुणावेत, जपावेत. फक्त चित्रफीत संपल्यावर ‘किती साधा काळ’ असे लिहिण्यापूर्वी विचारावे : साधा, पण कोणासाठी? स्कूटरच्या रांगेतल्या माणसासाठी, की आरशापुढच्या त्या सावळ्या मुलीसाठी?

(समाप्त)