खोळंबा कोणामुळे?



"सर, नेटच मंद आहे, त्याला आम्ही काय करणार?" हे वाक्य गेल्या वर्षभरात माझ्या कानांवर इतक्या वेळा आले आहे की, ते मला एखाद्या सुभाषितासारखे पाठ झाले आहे. संगणकावरील आभासी जगात पाऊल टाकावे आणि पाय उचलू नये, दार उघडू नये, समोरचा सोबती अधांतरी थिजून राहावा, या प्रकाराला मुले 'लॅग' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला 'खोळंबा' हा चांगला शब्द आहे. खोळंबा झाला की दोष नेटला द्यावयाचा, असा आता रिवाजच पडून गेला आहे. माझे मत याहून निराळे आहे. जी जागा आपण स्वतः उभारली, जिचे धनी आपणच आहोत, तेथील खोळंब्याचे मूळ प्रथम आपल्याच अंगणात शोधले पाहिजे. आणि तो दूर करणे ही केवळ यंत्रविद्येची बाब नसून शेजारधर्माचीही बाब आहे.

हे मत कसे बनले ते सांगतो. गतवर्षी दिवाळीच्या सुटीत नववीच्या काही मुलांनी 'माइनक्राफ्ट' या खेळात सुरतेचा किल्ला उभारला. स्वीडनमधील मोजांग या संस्थेने २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलेल्या या खेळात चौकोनी ठोकळे रचून हवे ते जग निर्माण करता येते, आणि ते जग आपल्या घरच्या संगणकावर ठेवून मित्रांना तेथे बोलाविता येते. सोळाव्या शतकात फिरंग्यांच्या हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून खुदावंदखानाने तापीच्या काठी बांधविलेला तो किल्ला मुलांनी मोठ्या हौसेने घडविला. एक मुलगी आपल्या भावाबरोबर प्रत्यक्ष किल्ल्यावर जाऊन बुरुजांची चित्रे काढून घेऊन आली. तिच्या वहीवरूनच सारे बांधकाम झाले.

ठरल्या दिवशी बाराजण एकदम आत शिरले, आणि जग अडखळू लागले. इतरांचे कसेबसे निभावले. परंतु त्या मुलीचा संगणक भावाने जुन्या बाजारातून घेतलेला. तिच्या पडद्यावर किल्ल्याचा दरवाजा दिसला आणि चित्र तेथेच थांबले. ज्या बुरुजांची मापे तिने काढली, ते पाहणे तिच्याच नशिबी नव्हते. त्यावर एक मुलगा सहज बोलून गेला, "तिला नवा लॅपटॉप घ्यायला सांगा ना!" त्याच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु ज्या घरात आई-वडील दोघेही यंत्रमागावर पाळी करतात, त्या घराला हे उत्तर देणे म्हणजे दार लावून घेण्यासारखेच आहे. ते वाक्य मला बोचले, आणि खोळंब्याचे कारण आपण सर्वांनी मिळून शोधू, असे मी मुलांना सुचविले.

खोळंबा तीन ठिकाणी होऊ शकतो: मार्गात, यजमानाकडे आणि पाहुण्याकडे. मार्ग म्हणजे नेट. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. यजमान संगणक सिंगापुरात, म्हणजे येथून सुमारे ४,००० किलोमीटरवर असेल, तर निरोप जाऊन परत येण्यास निदान सेकंदाचे ४० सहस्रांश लागणारच. कितीही पैसे मोजले तरी ते वाचत नाहीत. तेथे उपाय एकच, यजमान जवळचा निवडणे. आमचा यजमान तर सुरतेतच, एका मुलाच्या घरी होता. अर्थात नेटवरचा आरोप बराचसा निराधार ठरला.

आता यजमानाकडे पाहू. माइनक्राफ्टचा यजमान संगणक सेकंदातून २० वेळा साऱ्या जगाचा हिशेब करतो. प्रत्येक फेरीस ५० सहस्रांश सेकंद मिळतो. तेवढ्यात हिशेब उरकला नाही, तर पुढची फेरी लांबते आणि सर्वांचाच काळ मंदावतो. आमच्या किल्ल्यात कोणीतरी गमतीने ३०० कोंबड्या पाळल्या होत्या. प्रत्येक कोंबडीने कोठे वळावे याचा विचार सेकंदाला २० वेळा, म्हणजे सर्व मिळून ६,००० वेळा करावा लागत होता! शिवाय प्रत्येक खेळाडूच्या भोवती चहूकडे १० खंडांपर्यंतचे जग जागे ठेवले जात होते. स्वतःचा खंड धरून हे २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ खंड होतात. हीच मर्यादा ६ वर आणली, तर १३ गुणिले १३, म्हणजे केवळ १६९ खंड उरतात. गणिताच्या तासाला वर्गांक शिकून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

राहिला पाहुणा. मूळ खेळात ठोकळ्याच्या एका बाजूचे चित्र १६ गुणिले १६ ठिपक्यांचे असते. आमच्या कलावंतांनी किल्ल्याचा दगड हुबेहूब दिसावा म्हणून १२८ गुणिले १२८ ठिपक्यांची चित्रे लावली. लांबी ८ पट झाली, पण ठिपके ६४ पट झाले. आणि ते सारे ओझे पाहुण्याच्या संगणकाने वाहावयाचे. जुन्या संगणकाने तेथेच बसकण मारली, यात नवल काय?

यांपैकी दोष कोठे आहे, हे ओळखण्यास फारशी विद्या लागत नाही. चित्र सफाईने हलते, पण फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर येतो आणि सर्वांचीच तशी तक्रार असते, तेव्हा यजमान थकलेला असतो. एकट्याचेच चित्र धक्के खाते, आणि ओसाड माळावर गेल्यास ते सुधारते, तेव्हा पाहुण्याच्या यंत्रावर भार पडलेला असतो. चित्र ठीक, इतर सर्व ठीक, फक्त एकट्याचेच निरोप उशिरा पोचतात, तेव्हा मात्र मार्गाला खुशाल दोष द्यावा.

मुलांनी कोंबड्या १० वर आणल्या, विसरून गेलेली यंत्रे काढून टाकली, दृष्टीची मर्यादा ६ केली आणि दगडाची चित्रे ३२ गुणिले ३२ ठिपक्यांची केली. एक पैसाही खर्च झाला नाही. दुसऱ्या रविवारी ती मुलगी दरवाजातून आत आली आणि हळूहळू का होईना, चारही बुरूज फिरली. मग तिनेच एका बुरुजाची खिडकी चुकीच्या बाजूला असल्याचे दाखवून दिले!

यावर असा आक्षेप येईल की, एकीसाठी सर्वांनी आपली कला का कमी करावी? अधिक ताकदीचे यंत्र घेणे हा सरळ मार्ग नव्हे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. काही यंत्रे खरोखरच इतकी जीर्ण असतात की, ती बदलणेच इष्ट. बारीक नक्षी पुसावी लागली, याचे आमच्या कलावंतांना वाईट वाटले, तेही खरेच. परंतु मोठे घर मिळाले म्हणून अडगळ कमी होत नाही. ती नव्या घरालाही भरून टाकते. आणि ज्या कलेपर्यंत तिचा आरंभ करणारीच पोचू शकत नाही, ती कला कोणासाठी?

येथे मालकीचा खरा प्रश्न येतो. अमेरिकेतील लिंडन लॅब या संस्थेने २००३ साली 'सेकंड लाइफ' नावाचे आभासी जग खुले केले. तेथे लोक जमिनीचे तुकडे घेऊन घरे आणि दुकाने उभारतात. तेथील एक प्रदेश २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो, आणि त्यात अनेक धन्यांचे तुकडे असू शकतात; पण त्या साऱ्या प्रदेशाचा हिशेब सामाईकच चालतो. एकाने आपल्या अंगणात शेकडो स्वयंचलित वस्तू मांडल्या, तर शेजाऱ्याच्या घरातही पाऊल जड होते. जमीन वेगळी, काळ मात्र सामाईक!

माझे आजोळ गोव्यातील. घरी आम्ही कोंकणी बोलतो. त्या बाजूला खाऱ्या नद्यांच्या काठी 'खाजन' नावाची शेते आहेत. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना बांध घातलेले असतात, आणि पाण्याच्या ये-जा साठी 'मानस' नावाची दारे असतात. गावच्या जमिनीची व्यवस्था पाहणारी 'गांवकरी' ही संस्था पोर्तुगीजांच्याही आधीची. तिच्या चालीरीती १५२६ साली लेखी नोंदल्या गेल्या. बांध एका ठिकाणी फुटला, तर हे शेत कोणाचे, असे खारे पाणी विचारीत नाही. म्हणून बांधाची काळजी ही कोणा एकाची बाब राहत नाही. आभासी जमिनीच्या धन्यांनी हा जुना शहाणपणा अवश्य घ्यावा.

आणि सुरतकरांना तर एवढ्या लांब जाण्याचेही कारण नाही. १९९४ च्या प्लेगनंतर हे शहर सुधारले, ते केवळ नव्या यंत्रांनी नव्हे. १९९५ साली आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज रस्त्यावर पाहणीस पाठविले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसह देशात पहिली आली, तिचा पाया त्या रोजच्या पाहणीत आहे. स्वच्छता एकदा करून संपत नाही. आभासी जगातील तर मुळीच नाही. आमच्या किल्ल्यात कोंबड्या पुन्हा ४० झाल्याचे परवाच कळले!

म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे: आपल्या जगात नवी वस्तू ठेवण्यापूर्वी, तिचा भार कोण वाहणार, हा प्रश्न विचारा. महिन्यातून एकदा आपले जग वर्गातील सर्वांत जुन्या संगणकावर उघडून पाहा. पालकांनाही विनंती आहे की, मुलाने अधिक वेगवान नेट मागितल्यास नकार किंवा पैसे देण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारावे, "बाळा, खोळंबा नेमका कोठे होतो आहे?" त्याला उत्तर देता आले, तर तो पुष्कळ शिकला असे समजावे.