पट उरेल, पण डाव?

मुकुंदवाडी रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणारे तरुण भ्रमणध्वनीवर ‘लुडो किंग’ खेळताना हमखास दिसतात. नवी मुंबईच्या विकाश जयस्वाल यांच्या कंपनीने २०१६ साली आणलेला हा खेळ २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. हे यश कौतुकास्पदच आहे. परंतु संगणकावर येऊन लोकप्रिय झाला तो आपला सारीपाट नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी पचिशीवरून बेतलेला लुडो होय.

लुडोत फासा एक, म्हणून दैवाचा वाटा मोठा. सारीपाटात फासे एकाहून अधिक; पडलेले दान कोणत्या सोंगट्यांत वाटायचे, जुग राखायचे की फोडायचे, हे खेळाडूने ठरवायचे. खरे डावपेच इथेच आहेत.

मुकुंदवाडीहून तासाभराच्या वाटेवर, वेरूळच्या रामेश्वर लेण्यात (क्र. २१) शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. शिल्प टिकेल, खेळाचे नियम मात्र बहुतांशी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहेत, तेही घरागणिक निराळे. संगणकाला तर लिहून दिलेलाच नियम कळतो.

नुसत्या गौरवगानाने काय साधणार? आजी-आजोबांशेजारी बसून नियम लिहून घ्यावेत आणि संगणक शिकलेल्या तरुणांनी ते आज्ञावलीत उतरवावेत. हे काम याच पिढीचे आहे.