पालकाची सही

शाळेच्या प्रगतिपुस्तकाच्या शेवटी एक रिकामी रेघ असते. तिच्याखाली छापलेले असते, 'पालकाची सही'. बहुतेक घरांत वडील, नाहीतर आई, त्या रेघेवर सही करतात आणि पुस्तक पुन्हा दप्तरात जाते. पण काही घरांत या रेघेपाशी हात क्षणभर थबकतो.

अशाच एका घराची गोष्ट डोळ्यांपुढे आणावी. गोष्ट कल्पनेतली आहे, तिच्यातले प्रश्न मात्र खरे आहेत.

गाव रायपूर. तात्यापारा आणि चौबे कॉलनी या भागांत मराठी बोलणे कानांवर पडते, पण बाजारात पाऊल टाकले की हिंदी आणि छत्तीसगढी सुरू होते. तिथल्या एका शाळेत चौथीला गणित शिकवणाऱ्या बाई आहेत. वय छत्तीस. साडी कडक इस्त्रीची, हजेरीपट रेघ मारल्यासारखा, घड्याळ दोन मिनिटे पुढे. लग्नाच्या वयात चार स्थळे नाकारली, मग भावाने विचारणे सोडले. कारण कोणी विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही.

त्यांच्या वर्गात एक मुलगा आहे. आईवडील अपघातात गेले, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आजी थकलेली, म्हणून मावशीने त्याला पदराखाली घेतले. न्यायालयात अर्ज करून ती त्याची कायदेशीर पालक झाली. मावशीचा धंदा लग्नाचे मांडव घालण्याचा. मोपेडवर बांबूचे हिशेब करीत फिरणारी, मोठ्याने हसणारी, कुठल्याही वेळेला अर्धा तास उशिरा पोहोचणारी बाई.

पालकसभेलाही ती उशिराच आली. केसांत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या.

"सभा चारला होती," बाई म्हणाल्या.

"हो ना मॅडम. पण नवरदेवाची वरात चारला होती आणि मांडव साडेतीनला पडला," मावशी म्हणाली आणि हसली. बाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही, याचेच त्यांना रात्रभर नवल वाटत राहिले.

पुढे असेच होत गेले. एकीला सगळे जागच्या जागी लागते, दुसरीला पसाऱ्यातच सुचते. एक दहा शब्दांत बोलते, दुसरीला शंभर पुरत नाहीत. बाईंनी मावशीला मांडवाच्या हिशेबाची वही घालून दिली. मावशीने बाईंना तेलीबांधा तलावाच्या काठावर उभ्याने भुट्टा खायला शिकवले. अशा जोड्या नवरा-बायकोत आपण नेहमी पाहतो आणि 'एकमेकांना पूरक आहेत हो' असे कौतुकाने म्हणतो. इथेही तेच घडत होते. फक्त दोघीही बाया होत्या.

बाईंना हे कळले, तेव्हा त्यांनी आधी एक गोष्ट केली. मुख्याध्यापिकांना भेटून त्या म्हणाल्या, "त्या मुलाच्या घराशी माझा घरोबा वाढतो आहे. त्याचे पेपर दुसऱ्या कोणी तपासावेत." आणि तो चौथी पास होईपर्यंत त्या त्यांच्या घरी चहालासुद्धा गेल्या नाहीत. शिक्षकाच्या हातात मुलाचे गुण असतात. त्याच्या घरच्या माणसाशी मन जुळले, तर आधी हा हात बाजूला घ्यावा लागतो. समोर पुरुष असो की स्त्री, हा नियम बदलत नाही. निकाल लागला त्या संध्याकाळी बाई पेढ्यांचा पुडा घेऊन त्या घराची पायरी चढल्या. मावशी त्या दिवशी वेळेवर हजर होती.

कोणी म्हणेल, ही शहरी, परदेशी थेरे आहेत. रायपूरसारख्या गावात कुठे असे घडते? याचे उत्तर जवळच आहे. 1987 च्या डिसेंबरात लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव या मध्य प्रदेश पोलिसांतल्या दोन शिपाई स्त्रियांनी एकमेकींशी गांधर्व पद्धतीने लग्न केले. त्या वेळी रायपूरही मध्य प्रदेशातच होते. दोघी ना परदेशात शिकलेल्या, ना श्रीमंत घरच्या. बातमी फुटली आणि 1988 मध्ये दोघींची नोकरी गेली. वर्तमानपत्रांत तेव्हा खूप छापून आले. त्या गदारोळात शेजारची एक शाळाशिक्षिका मात्र त्यांच्या बाजूने बोलली. लग्न म्हणजे दोन जिवांचे मीलन, ते पुरुष आणि स्त्रीचेच असले पाहिजे असे शास्त्रात कुठे लिहिले आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी एका साध्या शिक्षिकेला जे सुचले, ते आजही कित्येक सुशिक्षितांना सुचत नाही.

नोव्हेंबर 2000 मध्ये छत्तीसगढ राज्य झाले आणि काही महिन्यांतच, 2001 मध्ये, सरगुजातल्या अंबिकापूरला दोन परिचारिकांनी लग्न केल्याची बातमी आली. 2021 च्या डिसेंबरात नागपुरात दोन डॉक्टर स्त्रियांनी घरच्यांच्या साक्षीने एकमेकींना अंगठ्या घातल्या. मराठी रंगभूमीने तर हा विषय 1981 मध्येच पुढे आणला होता. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' मधली सुमित्रा मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. 1998 मध्ये 'फायर' चित्रपट लागला, तेव्हा मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. नाटकातल्या मरणापासून नागपूरच्या अंगठ्यांपर्यंत समाज चाळीस वर्षे चालला आहे. हळू चालला, पण चालला.

आता पुन्हा त्या घराकडे यावे. बाई तिथे राहायला आल्याला तीन वर्षे झाली. एके रात्री मुलाला सडकून ताप भरला. मावशी बिलासपूरला मांडवाच्या कामावर. बाईंनी त्याला रिक्षात घातले आणि दवाखान्यात नेले. खिडकीवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

"बाई."

"बाई म्हणजे?"

बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. आई नाही, मावशी नाही, नात्यातली कोणी नाही. तीन वर्षे त्याचे डबे भरले, पाढे घेतले, रात्री पांघरूण घातले, आणि फॉर्मवर लिहायला शब्द नाही! मावशीला फोन लागला, तिने होकार दिला, उपचार सुरू झाले. सकाळी ताप उतरला. पण तो प्रश्न बाईंच्या मनातून उतरला नाही.

हा प्रश्न सोपा नाही, कारण कायदाही अर्ध्या वाटेवर उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी भारतीय दंड संहितेच्या 377 व्या कलमाबाबत निकाल दिला आणि दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. म्हणजे बाई आणि मावशी एका छपराखाली राहतात, यात बेकायदा काही नाही. मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात याच न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता दिली नाही. जोडीने मूल दत्तक घेण्याची मुभाही तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने नाकारली गेली. एकटी स्त्री मूल दत्तक घेऊ शकते, पण दोघी मिळून नाही. दोघींनी मूल वाढवले, तरी कागदावर एकच.

तरीही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जे करता येते ते आधी करावे. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यात 'पालक' या शब्दात आईवडिलांखेरीज, मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे आहे असा माणूसही येतो. म्हणून मावशीची सही शाळेत पूर्णपणे चालते, आणि तिला कोणी कमी लेखू नये. आणीबाणीत कोणाला बोलवायचे, मुलाला शाळेतून कोण नेऊ शकते, यासाठी तिने बाईंचे नाव शाळेला लेखी कळवावे. मुलाच्या डॉक्टरांकडेही तसेच पत्र आधीच देऊन ठेवावे.

पैशाअडक्याचेही तसेच. दोघींनी मिळून बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी म्हणून नेमायला कसलीच आडकाठी नाही, हे केंद्र सरकारच्या अर्थखात्याने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. रेशनकार्डावर अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, असेही राज्यांना कळवण्यात आले. घर, दागिने, धंदा यांच्यासाठी मृत्युपत्र करून ठेवावे. मावशीचे उद्या बरेवाईट झाले, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली बाईंना न्यायालयात पालकत्वासाठी अर्ज करता येईल. तिथे मुलाचे हित सगळ्यांत आधी पाहतात, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेतात. निकाल काय लागेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तीन वर्षांचे डबे आणि पाढे तिथे पुरावा म्हणून उभे राहतील.

कागदांपेक्षा अवघड असते ते घरच्यांचे मन. इथे मात्र छत्तीसगढच्या मातीतच एक वाट आहे. या भागात 'मितान' बदण्याची जुनी रीत आहे. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भोजलीचे, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाच्या कोवळ्या रोपांचे, विसर्जन होते. तेव्हा दोन मैत्रिणी एकमेकींच्या कानावर भोजली खोचतात आणि जन्माच्या मितानिनी होतात. पुढे त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत, 'भोजली' म्हणूनच हाक मारतात. दोन्ही घरे एकमेकांची सोयरी होतात. कोणी गंगाजल देऊन मितान होते, कोणी महाप्रसाद देऊन. जात आड येत नाही, रक्त लागत नाही. गावागावांत आरोग्याचे काम करणाऱ्या स्त्रियांनाही राज्याने हेच 'मितानिन' नाव दिले, इतका हा शब्द इथे मानाचा.

मितानिनीचे नाते म्हणजे प्रेमविवाह नव्हे, हे खरे. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे चुकीचे होईल. पण रक्ताचे नाही, लग्नाचे नाही, तरीही घरचे, असे नाते मानायला या समाजाला कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. मानायचे ठरवले की तो मानतो.

त्या घरातल्या आजीने हेच केले. दवाखान्याच्या त्या रात्रीनंतर बाई गप्प गप्प असत. एकदा शेजारीण ओट्यावर येऊन बसली आणि खोचून म्हणाली, "काकू, या बाई तुमच्याकडे कायमच्याच का हो? लागतात तरी कोण?"

आजीने हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "माझ्या लेकीची मितानिन आहे. माझीच झाली की मग."

शेजारणीला त्यातून किती समजले, कोण जाणे. आत पोळ्या लाटणाऱ्या बाईंना मात्र सगळे समजले. आजीलाही बहुधा सगळेच समजलेले होते.

त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकावर मुलाने स्वतःच पट्टी घेतली. 'पालकाची सही' च्या रेघेखाली पेन्सिलीने आणखी एक रेघ ओढली, आणि पुस्तक दोघींच्या पुढे ठेवले. शाळेला ती दुसरी रेघ लागत नव्हती. त्याला लागत होती. मावशीने सही केली, नेहमीसारखी वाकडीतिकडी, रेघेबाहेर गेलेली. बाईंनी तिच्या खाली केली, सरळ, रेघेला धरून.

आपल्या ओळखीत असे घर असेल, तर 'या कोण लागतात?' हा प्रश्न विचारण्याआधी त्या घरातल्या मुलाकडे एकदा पाहावे. उत्तर त्याला ठाऊक असते.