पुरस्कार परत, पासचं काय?

कर्जत-खालापूर पट्ट्यात हल्ली काय पिकतं? भात, फार्महाऊस आणि कादंबऱ्या! वीकेण्डला लॅपटॉप घेऊन, 'शांतता हवी' म्हणत येणारे होतकरू लेखक तुम्ही पाहिलेच असतील. (कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल.) दुसऱ्या कॉफीला विषय हमखास निघतो : सरकारने साहित्यात लुडबूड करू नये. पुरस्कार नको, अनुदान नको, काही म्हणजे काही नको.

झकास. पण साहेब इथवर आले कसे? कर्जत लोकलने, जिचा पास रेल्वे तोटा सोसून देते. नाहीतर राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेल्या एक्स्प्रेसवेने. यातले बरेचजण शिकले जिल्हा परिषदेच्या शाळेत. वाचनाची चटक लागली ती १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या गावच्या वाचनालयात. आणि पहिलं पुस्तक? काहींचं तर साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानातून आलेलं.

म्हणून सरकारवर टीका करायची नाही? छे! २०१५ मध्ये प्रज्ञा दया पवार यांनी राज्याचे पुरस्कार रकमेसकट परत केले. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर झालेला पुरस्कार सरकारने काही दिवसांतच रद्द केला, तेव्हा शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी स्वतःचे पुरस्कार नाकारले. अशा वेळी एक टोमणा ठरलेला असतो. बाविस्कर जेएनयूत शिकवतात ना, मग सरकारी पगार बरा चालतो? अहो, पगार शिकवण्याचा असतो, गप्प बसण्याचा नाही. आणि तो पैसा कुणा मंत्र्याच्या खिशातला नसतो. काडेपेटी विकत घेणाऱ्या कर्जतच्या कातकऱ्याचाही त्यात वाटा असतो.

नारायण सुर्वे आयुष्याच्या उत्तरार्धात इथेच, नेरळला राहायचे. मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग मास्तर. 'माझे विद्यापीठ' आलं १९६६ साली, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पालिकेचा पगार घेणाऱ्या माणसाने ते लिहिलं. लाल झेंडा सोडला नाही आणि १९९८मध्ये पद्मश्रीही घेतली. शिपाई ते कवी हा प्रवास सगळ्यांना ठाऊक होता. 'मी सगळं स्वबळावर केलं' असा ब्लर्ब त्यांना शोभलाच नसता.

माझं भांडण आहे ते त्या ब्लर्बशी. पुरस्कार परत केला की फोटो छापून येतो. वाचनालयाचं अनुदान रखडतं तेव्हा मात्र कॉफीवाल्यांपैकी कुणी चार ओळींचं पत्रही लिहीत नाही. २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं मनावर घेतलं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळेत पट किती असणार? त्या वाड्या फार्महाऊसच्या गच्चीवरून दिसतात. संध्याकाळी तर फारच छान दिसतात.