झाडांवर झगमगाट, वस्तीत अंधार

शहर सुंदर करावयाचे म्हणजे काय, या प्रश्नाला मुंबई महानगरपालिकेने २०२२ साली दिलेले उत्तर राज्यकर्त्यांच्या सौंदर्यदृष्टीवर पुरेसा प्रकाश टाकणारे आहे. सुमारे १,७०० कोटी रुपयांची सुशोभीकरण योजना आखली गेली आणि हमरस्त्यांवरील झाडांना विजेच्या रंगीत माळा गुंडाळण्यात आल्या. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली होती. कारभार प्रशासकाच्या हाती होता. ‘हे कशासाठी?’ असे सभागृहात विचारणारा एकही लोकप्रतिनिधी उरला नव्हता.

अंधार ही वृक्षाचीही गरज आहे. रात्रीच्या लांबीवरून अनेक झाडांचा फुलण्याचा व पानगळीचा काळ ठरतो. खिळे ठोकल्याने, तारा आवळल्याने सालीला इजा होते. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने ‘झाड तोडणे’ या संज्ञेत त्यास इजा पोचविण्याचाही समावेश केला आहे. ज्या पालिकेने तो राबवावयाचा, तिनेच झाडे जखडली! २०२४ साली जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने नोटीस काढली, तेव्हा कोठे पालिका माळा उतरवू लागली.

या दिव्यांना वीज फारशी लागत नाही, आणि गरिबालाही सौंदर्याचा हक्क आहे, असा युक्तिवाद केला जातो. हक्क निःसंशय आहे. परंतु प्रश्न विजेच्या युनिटांचा नाही, अग्रक्रमाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहरातील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहतात. तेथील स्त्रीला रात्री सार्वजनिक शौचालयाकडे जाताना दिवा हवा असतो. हातगाडीवाल्याला झाडाची सावली हवी असते. दोघांपैकी कोणीही झाडावर रोषणाई मागितली नव्हती.

खाजगी समृद्धी आणि सार्वजनिक दैन्य यांतील विसंगती गॅलब्रेथ यांनी १९५८ साली ‘द ॲफ्लुअंट सोसायटी’ या ग्रंथात दाखविली. येथे तर सार्वजनिक तिजोरीच दिखाऊ चैनीला जुंपली गेली. मोटारीतून जाणाऱ्याच्या क्षणभराच्या नेत्रसुखाची किंमत पायी चालणाऱ्याने मोजावी, हा कोठला न्याय?

न्यायालयाने माळा उतरविल्या तरी अग्रक्रम बदलत नाहीत. ते लोकशक्तीनेच बदलावे लागतात. मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या स्त्रियांना पाण्यासाठी संघटित केले, तेव्हा नळ हा राजकारणाचा विषय झाला. आता दिवाही झाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील अंधाऱ्या वाटांची यादी करावी, आणि अर्थसंकल्पापूर्वी ती घेऊन पालिकेच्या दारात उभे राहावे.