भिंतीवर आहे, यादीत नाही

अमेरिकेतील एका शहराने रस्त्यावर काही अक्षरे रंगविली आणि पाच वर्षांनी ती स्वतःच उखडून टाकली, या वार्तेशी दादऱ्यातील मराठी माणसाचे काय देणेघेणे, असा प्रश्न वाचकांना पडेल. देणे पुष्कळ आहे, असे माझे म्हणणे आहे. घेणे नसेल कदाचित.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय इसम पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. त्यानंतर अकराव्या दिवशी वॉशिंग्टनच्या महापौर म्युरिएल बाउझर यांनी व्हाइट हाऊसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, काळ्यांच्या जिवालाही मोल आहे, या अर्थाची भलीमोठी पिवळी अक्षरे रंगवून घेतली. तेथील चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच त्यावर नाक मुरडले: रंगाचे राहू द्या, पोलिसांवरच्या खर्चाचे बोला. पुढे अमेरिकन संसदेत शहराचा निधी रोखण्याची भाषा सुरू झाली आणि मार्च २०२५ मध्ये ती अक्षरे यंत्रे लावून खणून काढण्यात आली.

यावर आपल्याकडील सुशिक्षितांचा अभिप्राय ठरलेला असतो. रस्ते रहदारीसाठी असतात. अक्षरांनी कोणाचे पोट भरत नाही. हे मत मला मुळीच मान्य नाही, आणि मान्य नसण्याचे कारण अस्सल मराठी आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. आणि प्रवेशद्वारावर ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. अक्षरे इतकी निरुपयोगी असतील, तर ती अडविण्यासाठी एवढा आटापिटा कशासाठी झाला? पुसण्याजोगे वाटावे असे काही त्यांत असते, म्हणूनच ना?

हीच कसोटी आपल्या गावाला लावून पाहू. सेलवासात सरकारी भिंती पाहा, हॉटेलांची दालने पाहा. जिकडेतिकडे गेरूच्या रंगावर पांढरे वारली: तारपा वाजतो आहे, फेर धरला आहे, सारे कसे आनंदात आहे. या चित्रांना मंजुरी मिळविण्यासाठी कोणाला झगडावे लागले, असे कधी ऐकले आहे काय? ती पुसावीत असे कोणाला वाटणारही नाही. कारण ती कोणाकडे काहीच मागत नाहीत.

वास्तविक ज्या घरातून हे चित्र आले, त्या घराची कथा इतकी आनंदी नाही. तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिणे हे सुवासिनींचे काम. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी. जिव्या सोमा मशे यांनी हीच कला कागदावर आणून जगभर नेली. परंतु त्याच लग्नासाठी सावकाराकडून पैसा घ्यावा आणि फेडीपायी नवरा-बायकोने त्याच्या शेतावर राबत राहावे, ही ‘लग्नगडी’ची पद्धत ठाणे जिल्ह्यात १९४५ पर्यंत राजरोस चालू होती. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा कोठे ती मोडू लागली. आपण चौक भिंतीवर घेतला आणि गडी विसरलो. त्या सावकारांत मराठी नावे मुळीच नव्हती, असे छातीवर हात ठेवून आपल्यापैकी कोण म्हणेल?

आता आपल्या अभिमानाच्या विषयाकडे येतो. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झाला, २ ऑगस्टला सेलवास. सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही नावे आपल्या घरांतील पोरांनाही पाठ आहेत, आणि ती असावीतच. फ्रान्सिस मस्कारेन्हस यांचेही नाव आपण घेतो. परंतु याच लढ्यात परुळेकरांच्या चळवळीतून तयार झालेले वारलीही उतरले होते. त्यांतील एकाचे तरी नाव सांगा. मलाही सांगता येत नाही, आणि याची लाज मी आधी स्वतःच्याच पदरात घेतो. इतकी वर्षे २ ऑगस्टला भाषणे ऐकली, काही केलीही. ‘आणि स्थानिक आदिवासी बांधव’ या चार शब्दांपलीकडे माझी जीभ कधी गेली नाही.

कोणी म्हणेल, आपण तरी कोठले जहागीरदार? नोकरीधंद्यासाठी आलो, घाम गाळला. खरे आहे. पण २००१ च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत सुमारे ६२ टक्के असलेले आदिवासी २०११ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांवर आले. आपण येत राहिलो, इतरही आले, कारखाने आले; आणि ज्यांचा हा मुलूख, ते आपल्याच मुलखात निम्म्यावर येऊन ठेपले. अशा वेळी त्यांचे चित्र भिंतीवर वाढत जावे आणि नाव मात्र कोठेच नसावे, याला सन्मान म्हणायचे काय? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. सातासमुद्रापलीकडची गुलामी त्यांना दिसली, कारण घराशेजारची आधी दिसली होती. आपले नेमके उलटे झाले आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. १९५४ साली जो पंधरा वर्षांचा होता, तो आज पंच्याऐंशी ओलांडून गेला आहे. तो आहे तोवर पाड्यांवर जावे, त्याने आणि त्याच्या आईबापांनी काय पाहिले, काय केले ते त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे आणि येत्या २ ऑगस्टला ती नावे वाचून दाखवावीत. मग नगरपालिकेकडे अर्ज करावा, की तारप्याच्या चित्राखाली ही नावेही लिहू द्या. हरकती निघाल्या, तर समजावे की या भिंतीवर प्रथमच काही खरे लिहिले जात आहे.

आणि मंजुरी मिळालीच नाही, तर आपल्या वाचनालयाची भिंत रिकामी आहे. तिला कोणाची परवानगी लागत नाही.